भुंगा, भुंगा

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पाण्याच्या बाटल्यांचे दोन गठ्ठे दोन्ही हातांत घेऊन मी जिना चढत होते. एका गठ्ठ्यात दीड लिटरच्या सहा बाटल्या, म्हणजे एकेका हाताला नऊ किलो. हाम्बुर्गच्या आइम्सब्युटेल भागातली आमची इमारत जुनी आहे, तिला लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. खरे तर या शहरात नळाचे पाणी उत्तम असते आणि आम्ही एरवी तेच पितो. परंतु मुलीच्या वाढदिवसाला येणाऱ्या पाहुण्यांना बुडबुड्यांचे पाणी लागते आणि ते घरात नसले तर यजमानाने काहीतरी मोठी कसूर केली आहे असा चेहरा होतो. गठ्ठ्याची प्लास्टिकची पट्टी बोटांत रुतत होती, लाकडी पायऱ्यांना नुकत्याच लावलेल्या मेणाचा वास येत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दाराशी पायपुसणे झटकत उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, याच शहरात जन्मलेल्या, एरवी हवामानापलीकडे फारसे न बोलणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि अचानक एखाद्या व्रात्य मुलासारख्या त्या मोठ्याने ओरडल्या, “हुम्मेल, हुम्मेल!”

मी दमले होते. मी हसले आणि म्हणाले, “डांके.”

चेंडू टाकावा आणि समोरच्याने तो झेललाच नाही, उलट ‘धन्यवाद’ म्हणून पुढे निघून जावे, तसे त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विझले. त्यांनी पायपुसणे जागेवर ठेवले आणि दार लावून घेतले. मागून फुगे घेऊन येणारी माझी मुलगी मात्र वैतागली. “आई, असं नाही गं! ‘मॉर्स, मॉर्स’ म्हणायचं असतं.” म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा ती पायऱ्यांकडे बघत खुदकन हसली आणि म्हणाली, “ते मी नाही सांगणार.”

या शहरात अकरा वर्षे काढल्यावर हे शब्द मी ऐकले नव्हते असे नाही. दुकानांतल्या कपांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर ते असतात. रेल्वेत, परगावी, कोणी आपल्या गावचा भेटला की हाम्बुर्गकर ते एकमेकांना म्हणतात, जशी आपल्याकडे ‘राम राम’ला ‘राम राम’ची परतफेड होते. पण मला कोणी ते म्हटले नव्हते, आणि त्याला उत्तर देणे बंधनकारक असते हेही मला उमगले नव्हते. जर्मनमध्ये ‘हुम्मेल’ म्हणजे भुंगा. माझ्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरे ठरले, कारण वाढदिवस झाला, पाहुणे गेले, बुडबुड्यांचे पाणी अर्धे उरले, तरी आजींचा तो विझलेला चेहरा डोक्यात भुंग्यासारखा गुणगुणत राहिला.

ज्याला हे शहर हुम्मेल म्हणते त्याचे नाव हुम्मेल नव्हतेच. तो योहान विल्हेल्म बेंट्स, जन्म १७८७, धंद्याने पाणक्या. खांद्यावर लाकडी कावड, तिच्या दोन टोकांना दोन बादल्या, डोक्यावर उंच टोपी, असा तो जुन्या गावातल्या घराघरांत पाणी पोचवत हिंडे. चित्रांतून तो उंच, हडकुळा आणि कायम कोणावर तरी रागावलेला दिसतो. सांगतात ते असे, की ड्रेबान नावाच्या गल्लीत तो राहायला गेला त्या घरात त्याच्या आधी डॅनिएल ख्रिस्तियान हुम्मेल नावाचा शहर-पलटणीतला एक निवृत्त शिपाई राहत असे. हा शिपाई गल्लीतल्या पोरांचा लाडका, त्यांना लढायांच्या गोष्टी सांगणारा. तो वारला आणि त्याच्या खोलीत हा तुसडा पाणक्या आला. पोरांनी खोलीबरोबर नावही त्याच्या गळ्यात घातले. गोष्टी सांगणाऱ्याचे नाव गोष्टी न सांगणाऱ्याला चिकटले, आणि तो चिडतो हे कळल्यावर ती पोरे त्याच्या मागे धावत ओरडू लागली, ‘हुम्मेल, हुम्मेल!’ कावड खाली ठेवली तर पाणी हिंदकळते, सांडते, आणि सांडलेल्या पाण्याचे कोणी पैसे देत नाही. मारायला हात मोकळा नाही, धावायला पाय मोकळे नाहीत. मोकळे होते ते तोंड. त्या तोंडाने तो प्लाटडॉइचमधली, म्हणजे उत्तरेकडच्या बोलीतली, एक शिवी हासडत असे. तिच्यात ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या शरीराचा मागला भाग खाजवण्याचे निमंत्रण असते. पूर्ण वाक्य उच्चारायला दम पुरत नसावा, म्हणून शेवटचा शब्दच दोनदा, ‘मॉर्स, मॉर्स!’ मुलीने तो अर्थ सांगायचे का टाळले ते मला कळले. तिने घरंदाजपणा दाखवला. तो कोणाकडून आला ते मला माहीत नाही.

इतकाच तो प्रसंग. रोजचा, हलकासा, गल्लीतला. त्यातून एका मोठ्या बंदराच्या शहराचे अभिवादन तयार झाले, फुटबॉलच्या मैदानावरची आरोळी तयार झाली, आणि २००३च्या सुमारास तर चौकाचौकांत हुम्मेलचे रंगीबेरंगी पुतळे उभे राहिले. आपल्या खिजवण्याचा असा उत्सव होईल हे बेंट्सच्या कानावर कोणी घातले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्याची उपजीविका नाहीशी कशी झाली ती हकिकत मला या थट्टेपेक्षा जास्त छळते. ५ मे १८४२ला डाइखश्ट्रासे या रस्त्यावर आग लागली आणि ती ८ मेपर्यंत जळत राहिली. जुन्या शहराचा मोठा भाग खाक झाला, ५१ माणसे गेली, सुमारे २०,००० बेघर झाली. राखेतून शहर पुन्हा बांधायचे तर नव्यानेच बांधू असे ठरले, आणि विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने जमिनीखालून गटारे आणि पाण्याचे नळ आखले. १८४८मध्ये रोथेनबुर्गझॉर्टचे जलकेंद्र सुरू झाले आणि एल्बे नदीचे पाणी नळांवाटे घराघरांकडे धावू लागले. नळ ज्या वेगाने पसरत गेला त्याच वेगाने कावडी उतरत गेल्या असणार. बेंट्स तेव्हा साठी ओलांडलेला होता. १८५४च्या मार्चमध्ये तो हलाखीत मेला. त्याला चिडवणारी पोरे तोवर बाप्ये झालेली असतील आणि त्यांच्याही घरी नळ आले असतील.

त्या नळातून पुढे काय आले तेही याच गोष्टीचा भाग आहे असे मला वाटते. एल्बेचे पाणी गाळून घ्यावे हे कळत होते, पण गाळणीच्या खर्चावर घोळ घालण्यात वर्षे गेली. १८९२च्या ऑगस्टमध्ये पटकी आली आणि काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे मेली. शेजारचे आल्टोना तेव्हा वेगळे शहर होते. ते तर हाम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, खालच्या अंगाचे पाणी उचलत असे. पण ते पाणी वाळूतून गाळले जाई, त्यामुळे दोन शहरांच्या सीमेवर रस्त्याच्या एका बाजूला प्रेते निघत होती आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाही. रॉबर्ट कोख तपासणीला आले. आठ वर्षांपूर्वी, १८८४मध्ये, याच रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू त्यांनी कलकत्त्यात पक्का केला होता. हाम्बुर्गच्या अरुंद बोळांची वस्ती पाहून ते म्हणाले, “सभ्य गृहस्थहो, मी युरोपात आहे याचा मला विसर पडतो आहे.” त्यांना युरोपाऐवजी कोणती जागा आठवली असेल, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हे वाक्य इथे अजून चवीने उद्धृत केले जाते आणि प्रत्येक वेळी मी थोडी अवघडून बसते. गाळणीचे केंद्र काल्टेहोफे बेटावर १८९३मध्ये सुरू झाले, म्हणजे पटकी येऊन गेल्यावर.

नोव्हेंबरच्या एका रविवारी मी त्या पाणक्याचा पुतळा बघायला गेले. हाम्बुर्गमध्ये ज्याला ‘श्मुडेलवेटर’ म्हणतात तशी हवा होती. पाऊस पडत नाही, पण हवेत पाणी असते. छत्री उघडावी तर हसे होते आणि न उघडावी तर चष्मा भिजतो. गेन्झेमार्क्टला भुयारी गाडीतून उतरून पायी गेले. राडेमाखरगांग ही एक शांत, लाल विटांच्या घरांमधली गल्ली. तिथे कारंज्यावर तो उभा आहे, उंच टोपी, कावड, दोन बादल्या. पुतळा १९३८चा, रिचर्ड क्युओल या शिल्पकाराचा. हे नाव वाचले आणि मी थबकले, कारण दाम्टोर स्थानकाजवळ चौकोनी दगडाभोवती सैनिकांच्या रांगा अखंड कूच करत असतात, आम्ही मरणार असलो तरी जर्मनी जगलीच पाहिजे असे ज्यावर कोरले आहे, ते १९३६चे स्मारकही याच हातांचे. सन पाहिले की बाकी गोष्टी आपोआप जुळतात. हा भाग म्हणजे कोखना युरोपाचा विसर पाडणाऱ्या बोळांचाच एक तुकडा. गोदीतल्या कामगारांचा, डाव्या विचारांचा, सत्तेला डोईजड वाटणारा. नाझींनी १९३३पासून तो पाडला, बोळ पुसले, माणसे पांगवली, आणि तिथे नीटनेटकी घरे बांधल्यावर मधोमध बोळांतल्या पाणक्याचा पुतळा बसवला. वस्ती उठवायची आणि वस्तीतला विक्षिप्त माणूस शोभेसाठी ठेवायचा. फुलझाडे उपटून फुलदाणी ठेवण्यासारखे हे आहे, असे माझ्या मनात आले. मग वाटले, मी तरी वेगळे काय करायला आले आहे? पाण्याच्या गठ्ठ्यामुळे सुचलेल्या लेखासाठी मीही त्याला बघायलाच तर आले होते.

शेजारच्या बाकावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर बसला होता आणि कागदी पिशवीतून साखर घोळलेल्या आंबट गोळ्या काढून खात होता. त्याने एक गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, गाल आत ओढले. माझ्या तोंडाला पाणी सुटले. आणि त्या पाण्याबरोबर, पुतळ्याकडे पाहत उभी असताना, मला सनईवाल्याची आठवण झाली.

आमच्या गावी प्रत्येक लग्नात तोच सनई वाजवायला असे. मांडवाच्या एका कोपऱ्यात, सतरंजीवर, संबळवाल्याच्या शेजारी. अंगात धुऊन धुऊन पिवळसर झालेला पांढरा सदरा, डोक्याला फेटा, फुगलेल्या गालांवर निळसर शिरा. चिंच दिसली की सनई वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते, ते पत्तीत उतरते आणि सूर फाटतो, हे आम्हां पोरांना कोणी शिकवले ते आठवत नाही. असल्या विद्येला गुरू लागत नाही. आम्ही चार-पाच जणी मिठात घोळलेली चिंच घेऊन त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसायचो आणि त्याच्याकडे टक लावून चिंच चोखायचो. मिटक्या मारायचो. तो आधी डोळे मिटून घ्यायचा. मग मान फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. मग कधीतरी सूर चिरकायचा, मांडवातले लोक वळून पाहायचे, आणि आम्ही हसत पळायचो. आम्हांला तो शिव्या देऊ शकत नव्हता, कारण तोंडात सनई होती आणि समोर नवरदेवाची माणसे बसलेली होती. बेंट्सचे हात गुंतलेले होते आणि तोंड मोकळे होते; याचे तोंडच गुंतलेले होते.

एकदा मात्र वरात निघायच्या आधी तो सनई कापडात गुंडाळत होता आणि मी एकटीच तिथे सापडले. मला वाटले, आता कान पिळणार. त्याने हात पुढे केला आणि अगदी साध्या आवाजात म्हटले, “आण पोरी, मला पण दे की थोडी.” माझ्या मुठीत चिंच होती. चिकट झालेली, बोटांना लागलेली. मी ती दिली नाही. मी पळाले. का पळाले याचे उत्तर मी चाळीस वर्षांत अनेक प्रकारे दिले आहे. भीती, लाज, चिंच संपेल ही चिंता. त्यातले एकही पटत नाही. तो रागावला असता तर मी ती गोष्ट विसरले असते.

बाकावरचा मुलगा उठला, पुतळ्यापाशी गेला आणि त्याने सवयीने, कोणी सांगितल्याशिवाय, वर पाहून हाक दिली, “हुम्मेल, हुम्मेल!” बाकावरून वडील म्हणाले, “मॉर्स, मॉर्स.” अगदी सहज, मोबाइलमधून मान न उचलता. तेव्हा माझ्या लक्षात आले की या अभिवादनात बोलावणारा तो गल्लीतला पोरगा असतो आणि उत्तर देणारा प्रत्येक वेळी बेंट्स असतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षे हे शहर रोज कुठे ना कुठे त्याच्या बाजूने ती शिवी देते आहे, शेवटचा शब्द त्याचाच राखते आहे. हे प्रेम आहे का? असेलही. पण त्याला हवी होती ती बहुधा गिऱ्हाइके. शेवटचा शब्द फुकट मिळतो, म्हणून तो उदारपणे देता येतो, असेही मला वाटते. या दोन्हींपैकी कोणते खरे हे मला ठरवता आलेले नाही.

उत्तर सुद्धा ज्यांचे उरले नाही अशांचीही गोष्ट याच गावात आहे. मिखेल चर्चजवळ एका बुटक्या बाईचा पुतळा आहे. तिला ‘त्सिट्रोनेनयेटे’ म्हणत, म्हणजे लिंबूवाली येटे. खरे नाव योहाने हेन्रिएटे मारी म्युलर, जन्म १८४१, उंची १ मीटर ३२ सेंटिमीटर. दिवसा रस्त्यांवर आणि रात्री सांक्ट पाउलीच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये ती ‘त्सिट्रून, त्सिट्रून’ असे ओरडत लिंबे विकायची. गुत्त्यांतले लोक लिंबाऐवजी मजा विकत घ्यायचे. तिला दारू पाजायचे आणि मग ती कशी झोकांड्या खाते ते बघायचे. १८९४मध्ये पोलिसांनी तिला उचलून फ्रीडरिखस्बेर्गच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले आणि तिथून ती परत आलीच नाही. ती तिथे बावीस वर्षे जगली, १९१६मध्ये गेली. आणि १९०० साली, ती आत जिवंत असताना, सांक्ट पाउलीच्या नाटकगृहात तिच्यावरचे नाटक लागले, लोकांनी ते डोक्यावर घेतले, आणि पुढे तिची भूमिका पुरुष नट करत राहिले. कोणी तिला ते नाटक लागल्याचे सांगितले का, हा प्रश्न मला त्या पुतळ्यापाशी दर वेळी पडतो. तिच्या हाकेला या गावात प्रतिहाक नाही. लोक ‘त्सिट्रून’ म्हणतात, आणि त्यापुढे काही नाही. फक्त विक्रीची आरोळी उरली. सनईवाल्याचे तर तेही नाही. त्याचा सूर माझ्या कानात आहे, पण तो चिरकलेला आहे, आणि तो आम्ही चिरकवलेला.

जानेवारीत एके संध्याकाळी मी खाली कचरा टाकायला निघाले होते. जिन्यातला दिवा ठराविक वेळाने आपोआप विझतो. तो नुकताच लागला होता. खालून श्वास टाकल्याचा आवाज येत होता. आजी पहिल्या मजल्याच्या वळणावर उभ्या होत्या, दोन्ही हातांत कापडी पिशव्या, टोपी एका कानावर घसरलेली. पिशवी खाली ठेवून टोपी नीट करणे सहज शक्य होते, पण त्या ठेवत नव्हत्या. मी चटकन खाली उतरले आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी मागे घेतली. हनुवटी उचलून माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “ना?”

त्यांना काय हवे होते ते मला कळत होते. जीभ मात्र उचलत नव्हती. माझ्या आईच्या वयाची बाई, दोन्ही हात गुंतलेले, घामेजलेली, आणि मी वरच्या पायरीवर उभी राहून तिला चिडवायचे. तोंडात चिंचेची चव आली, अगदी खरोखर. दिवा विझला. त्या अंधारात मी हळूच म्हटले, “हुम्मेल, हुम्मेल.”

“मॉर्स, मॉर्स!” आजी अशा काही कडाडल्या, की वर चौथ्या मजल्यापर्यंत आवाज गेला आणि आमचे दार उघडून मुलीने खाली डोकावले. कोणीतरी बटण दाबले. दिवा लागला तेव्हा त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी उजव्या हातातली पिशवी माझ्याकडे दिली, टोपी सारखी केली आणि माझ्या पुढे जिना चढू लागल्या. पिशवीत बटाटे होते. वाटले होते त्यापेक्षा बरीच जड होती.